हातचे सूत : श्रम कोणाचे, प्रतिष्ठा कोणाची?

वाचकहो, आपल्या हाताने लोकर कातावी, आपल्या हाताने ती रंगवावी आणि त्याच सुताचा स्वेटर आपल्या हाताने विणावा, हा छंद आज अनेक सुशिक्षित स्त्रीपुरुष आवडीने जोपासतात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु या छंदाबरोबर एक विचारही घरात शिरतो आणि त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे. तो विचार असा की, हातचे ते पवित्र व यंत्राचे ते हीन; जो स्वतः कातून विणतो तो दुकानातून जर्सी आणणाऱ्यापेक्षा वरच्या पायरीचा माणूस होय. हे खरे आहे काय?

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. मेंढीची कातरलेली लोकर धुवायची, तिच्यातील तेलकटपणा आणि काटेकुटे काढायचे, ती पिंजायची आणि मग टकळीवर किंवा चरख्यावर तिला पीळ द्यायचा. एकेरी पिळाच्या सुताचे विणकाम तिरके जाते. म्हणून दोन पदर उलट दिशेने एकत्र पिळतात. प्रौढ माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला, जाडीप्रमाणे कमीअधिक, हजार वारांच्या आसपास सूत लागते. दुपदरी हजार वार हवे असेल तर एकेरी दोन हजार वार कातले पाहिजे. त्यानंतर रंग. लोकर तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर ठेवली म्हणजे मंजिष्ठाच्या मुळांचा लाल किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग ती नीट धरते. निळीला तुरटी लागत नाही. निळीच्या पाण्यातून सूत हिरवट बाहेर येते आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. एवढे सारे झाल्यावर सुईवर पहिला टाका पडतो.

या कामाने मनाला वळण लागते, हे कोणीही नाकारणार नाही. घाईने ओढले की सूत तुटते. लक्ष ढळले की टाका सुटतो आणि चार ओळी उसवाव्या लागतात. अंगावरच्या एका कपड्यामागे माणसाचे किती तास असतात हे स्वतः केल्यावाचून कळत नाही. ज्याला हे कळले तो कष्टकऱ्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकणार नाही. ही शिकवण मोलाची आहे.

तथागतांच्या संघातही हे काम हलके मानले जात नव्हते. विनयपिटकाच्या महावग्गात चीवर रंगविण्याचा विषय आला आहे. भिक्षू शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवीत. रंग वाईट येई. तेव्हा भगवंतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या रंगांना अनुमती दिली. रंग शिजला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहावा, इथपर्यंत तेथे सांगितले आहे. यात मंत्र नाही की मुहूर्त नाही. काम नीट व्हावे एवढीच दृष्टी आहे.

परंतु त्याच विनयपिटकात लोकरीविषयी दुसरी एक कथा आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. षड्वर्गीय भिक्षू आपली लोकर भिक्षुणींकडून धुऊन, रंगवून आणि विंचरून घेऊ लागले. परिणाम काय झाला? भिक्षुणींचे पठण राहिले, प्रश्न विचारणे राहिले, शील, चित्त आणि प्रज्ञा यांची साधना राहिली. महाप्रजापती गौतमी भगवंतांकडे आली तेव्हा त्यांनी विचारले की, भिक्षुणी अप्रमादाने राहतात ना? त्यांना ही उसंत कोठून मिळणार, असे तिने सरळ सांगितले आणि लोकरीची हकीकत निवेदन केली. भगवंतांनी त्या भिक्षूंची कानउघाडणी केली आणि नियम घालून दिला: नात्यात नसलेल्या भिक्षुणीकडून भिक्षूने लोकर धुऊन, रंगवून वा विंचरून घेऊ नये, घेतल्यास ती लोकर त्याने सोडून द्यावी.

वाचकहो, या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ती लोकर हातानेच धुतली होती, हातानेच रंगविली होती. तरीही ती त्याज्य ठरली. का? तिच्यात दुसऱ्याचे तास होते आणि ते तास त्यांच्या अभ्यासातून कापून घेतलेले होते. पुढे भिक्षुणींना स्वतः सूत कातण्यासही मनाई झाली. गृहिणींप्रमाणे भिक्षुणी कातत बसतात असे लोक बोलू लागले, म्हणून हा नियम झाला. कातणे हेच धम्माचरण असते, तर असा नियम झाला असता काय?

आता आपल्या देशातील अलीकडचा इतिहास पाहा. १९२४ साली बेळगावच्या अधिवेशनात काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट घातली. वर सांगितलेल्या एका स्वेटरच्या सुताएवढेच ते. मात्र त्या अटीतच सवलत होती: ज्याची कातण्याची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालेल! म्हणजे हात एकाचा आणि देशसेवा दुसऱ्याच्या नावावर. पुढच्याच वर्षी ही अट सैल करावी लागली. पण तिच्यातील वृत्ती अजून गेलेली नाही.

त्याच काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत काय चालले होते? विदर्भात महार समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणीत आली होती. परंतु मुंबईच्या गिरण्यांत, जेथे मजुरी अधिक त्या विणाई खात्यात, अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे स्पृश्य विणकर म्हणत. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. सभामंडपात सुताची पूजा होत होती आणि गिरणीत विणणाऱ्याचा विटाळ मानला जात होता!

म्हणूनच १९४५ साली काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू उचलून धरली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पशूला पोट भरले की पुरते, माणसाला विचारासाठी, विद्येसाठी फुरसत लागते आणि ती फुरसत यंत्राने मिळते. यंत्रयुगात जे अनर्थ दिसतात त्यांचा दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे.

आपल्याकडे सोवळ्याची धाबळी लोकरीची असे. सुती कपडा विटाळे, धाबळी विटाळत नसे. कापडाच्या जातीवरून शुद्धाशुद्ध ठरविण्याची ही खोड जुनी आहे. हातचे ते शुद्ध आणि गिरणीचे ते अशुद्ध, असे म्हणणारा नकळत नवे सोवळे नेसतो. हिवाळ्यात पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या मजुराच्या अंगावरची बाजारातली स्वस्त जर्सी कोणत्याही हातविणीपेक्षा तसूभरही हीन नाही.

मग हा छंद सोडून द्यावा काय? मुळीच नाही. ज्याच्यावर जातीने काम लादलेले नाही, ज्याला ते केव्हाही खाली ठेवता येते, त्याने आनंदाने कातावे, रंगवावे, विणावे. मोकळ्या हाताचा श्रम हा माणसाचा अलंकार आहे. बांधलेल्या हाताचा श्रम ही वेठ आहे. टकळी दोन्ही ठिकाणी तीच असते. फरक चेतनेचा आणि स्वातंत्र्याचा असतो.

तेव्हा हातच्या वस्तूचा अभिमान धरण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे: हे तास कोणाचे? घोंगडीसाठी दख्खनी मेंढीची राठ लोकर कातणाऱ्या बाईशी आपण चार रुपयांसाठी घासाघीस करतो आणि घरी येऊन हस्तकलेचे गोडवे गातो, हे शोभते काय? आपल्या अंगातला स्वेटर घरच्या हातचा आहे, असे आपण चारचौघांत सांगतो. तो विणताना पत्नीचे, बहिणीचे किंवा मुलीचे वाचन राहिले काय, हे आपण कधी पाहिले काय? राहिले असेल, तर षड्वर्गीय भिक्षूंची लोकर आपल्याच अंगावर आहे.

स्वेटर विणून घेण्यापेक्षा विणायला शिका. विणणाऱ्याला पुरता मोबदला द्या. आणि घरात ज्या स्त्रीच्या हाती सुया आहेत तिच्या हाती पुस्तकही येईल, एवढी तिची दुपार मोकळी ठेवा.