हात न पोहोंचणारी झडप

नीतीचे बिकट प्रश्न राजसभेंत, रणांगणावर किंवा न्यायासनासमोरच उभे राहतात, अशी आपली एक समजूत असते. आमच्यापुढें मात्र असा एक प्रश्न गेल्या पावसाळ्यांत एका मोटार-गॅरेजांत, तेलानें माखलेल्या फरशीवर उभा राहिला. त्याचा निकाल आम्हीं आमच्यापुरता लावला. तरी तो मनांतून गेलेला नाहीं, म्हणून वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्याकडे चारही चाकांना जोर पोहोंचविणारी, खडकाळ वाटांसाठीं बनविलेली एक जुनी डिझेल गाडी आहे. सह्याद्रीच्या आडवाटांनीं हिंडण्याच्या हौसेनें ती घेतलेली. गेल्या पावसाळ्यांत घाट चढतांना तिला धाप लागूं लागली, मागून काळा धूर येऊं लागला, आणि चालकासमोरचा एक पिवळा दिवा विझेनासा झाला. मिस्त्रींनीं तपासून सांगितलें कीं, 'ई. जी. आर.'ची झडप काजळीनें अडकून बसली आहे.

ही झडप काय करते तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हवेचा सुमारें ७८ टक्के भाग नायट्रोजन वायूचा असतो. एरवीं हा वायु कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. परंतु इंजिनांतील ज्वलनाची उष्णता फार वाढली, कीं तो प्राणवायूशीं संयोग पावून विषारी वायु उत्पन्न करतो. हे वायु श्वासमार्गाचा दाह करतात. शिवाय सूर्यप्रकाशांत इंधनाच्या वाफांशीं मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात, आणि तोही फुप्फुसांना अपायकारकच. म्हणून जळून बाहेर पडणाऱ्या वायूचा कांहीं भाग या झडपेच्या वाटेनें पुन्हां इंजिनांत सोडतात. त्यानें प्राणवायूचें प्रमाण घटतें, ज्वलनाची उष्णता उतरते आणि विष कमी निपजतें. मात्र त्या वायूबरोबर काजळीही परत येते. तेलाच्या वाफेशीं मिसळून तिचा चिकट थर जमतो, आणि दुसऱ्यांच्या श्वासाची राखण करणारी ही झडप शेवटीं आपणच गुदमरते.

आमच्या गाडींत ती इंजिनाच्या पाठीमागें, लोखंडी पडद्याला अगदीं खेटून बसविली आहे. तिच्यापर्यंत जावयाचें तर हवेच्या नळ्या काढाव्या लागतात, थंडाव्याचें पाणी उतरावें लागतें, आणि एवढें करूनही तिचा एक बोल्ट डोळ्यांना दिसत नाहीं. तो बोटांनींच चाचपावा लागतो. मिस्त्रींनीं हें सर्व दाखविलें आणि मग आवाज किंचित् खालीं आणून म्हटलें, "साहेब, झडप बदलायची तर दीड दिवस मोडेल, पैसेही बरेच जातील. त्यापेक्षां नळीच्या अलीकडच्या तोंडाशीं पत्रा मारून वाट बंद करूं. अर्ध्या तासाचें काम. दिवा विझवून देणारा माणूस ओळखीचा आहे. गाडी जोरांत पळेल, धूर कमी होईल, आणि पी. यू. सी.वाल्यालासुद्धां कांहीं कळणार नाहीं."

आम्ही चटकन् होकार देणार होतों, हें कबूल केलें पाहिजे. कारण मिस्त्रींच्या बोलण्यांत खोटें असें कांहींच नव्हतें. आपल्याकडे डिझेल गाडीची जी चाचणी होते ती धुराच्या दाटपणाची. या अदृश्य वायूंची मोजदाद तींत होत नाहीं. पत्रा मारला कीं काजळी घटते आणि विषारी वायु वाढतात. म्हणजे अपराध करणाराची गाडी चाचणींत अधिकच निर्मळ ठरावयाची! मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं हें खरें. परंतु त्या कोनाकोपऱ्यांत कायद्याचा हात तरी कोठून पोहोंचणार?

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत एका मेंढपाळाची कथा आहे. त्याला एक अंगठी सांपडते. तिचा खडा तळहाताकडे फिरविला कीं तो अदृश्य होतो. त्या बळावर तो राणीला वश करतो आणि राजाला मारून सिंहासन बळकावतो. पकडले जाण्याची भीति नसेल तर मनुष्य सदाचारी कां राहावा, हा त्या कथेंतील प्रश्न. आमच्या प्रश्नाचें रूप याहून सूक्ष्म आहे. मेंढपाळ अदृश्य होता, पण मरणारा राजा त्याच्या डोळ्यांसमोर होता. येथें अपराध करणारा दिसत नाहीं, अपाय दिसत नाहीं आणि ज्याला तो भोगावा लागतो तोही दिसत नाहीं. आपली दया ही बहुतांशीं डोळ्यांची दासी आहे. पुढें चेहरा दिसला तर ती जागी होते. चेहराच नसलेल्या अपायापुढें तिनें काय करावें?

आणि हा मोह एका गॅरेजापुरता नाहीं. २०१५ सालच्या सप्टेंबरांत फोक्सवॅगन कंपनीचें कपट उघडकीस आलें. चाचणी चालू आहे असें ओळखून तेवढ्यापुरतें सभ्यपणें वागण्याची युक्ति तिनें जगभरांतील सुमारें १ कोटी १० लक्ष डिझेल गाड्यांच्या यंत्रणेंत भरली होती. रस्त्यावर त्यांतील कांहीं गाड्या अमेरिकेंतील मर्यादेच्या ४० पटींपर्यंत हे वायु सोडीत. आपण त्या कंपनीला नांवें ठेवतों. परंतु ओळखीच्या माणसाकडून दिवा विझवून घेणारा आणि ती कंपनी यांत आंकड्याखेरीज कोणता भेद आहे?

कोणी म्हणेल, आंकडा हाच तर भेद! एका गाडीनें आकाश थोडेंच काळवंडतें? या आक्षेपास आपल्या आयाबायांनीं फार पूर्वीं उत्तर देऊन ठेविलें आहे. श्रावणी सोमवारच्या कहाणींत राजा महादेवाचा गाभारा दुधानें भरावयास निघतो. साऱ्या गांवाचें दूध ओतलें जातें, घरोघरचीं वासरें आणि मुलें उपाशी राहतात, पण गाभारा भरत नाहीं. मग एक म्हातारी घरच्यांना आणि वासरांना पाजून उरलेलें खुलभर दूध आणते, आणि गाभारा भरतो. कहाणीचा रोख दोन गोष्टींवर आहे. लहान वांटा लहान म्हणून निरर्थक ठरत नाहीं. आणि देवळांत कितीही शुद्ध दिसलें, तरी मुक्या जिवांच्या तोंडचें काढून केलेलें पुण्य हें पुण्य नव्हे. चाचणीच्या पावतीवरची आमची निर्मळताही तसलीच झाली असती.

तथापि येथें न्यायबुद्धीनें दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जी झडप काजळीनें भरणार हें ठाऊक आहे, तीच मनुष्याचा हात पोहोंचणार नाहीं अशा जागीं बसविणारा रचनाकार या पापांतून सर्वस्वीं सुटत नाहीं. सचोटी महाग करून ठेवणारानें दुसऱ्याच्या लबाडीवर फार बोलूं नये. तसेंच, ज्याची चूल रोजच्या भाड्यावर पेटते अशा टेंपोवाल्यानें पत्रा मारला तर त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परंतु आम्ही ते टेंपोवाले नव्हतों. आमची गाडी हौसेची होती. डोंगरांतील शुद्ध हवा खाण्यासाठीं वाटेंतल्या गांवांची हवा बिघडवीत जाण्याचा अधिकार आम्हांला कोणीं दिला होता?

शेवटीं आम्हांला बांधून ठेवलें तें एकाच गोष्टीनें. झडपेचें कार्य आम्हांला ठाऊक नसतें तर आम्ही निर्दोष नसलों तरी अजाण राहिलों असतों. पण मिस्त्रींनीं सर्व समजावून सांगितलें होतें, आणि एकदां कळलेली गोष्ट न कळल्यासारखी करतां येत नाहीं. पूर्वीं शेजाऱ्याची नजर माणसाला आवरीत असे. आजचे कित्येक अपाय नजरेच्या टप्प्यांतच येत नाहींत; तेथें नजरेचें काम ज्ञानानेंच केलें पाहिजे. तें तेथें कमी पडलें तर मागें दुसरा पहारेकरी नाहीं.

आम्हीं नवी झडप बसवून घेतली. 'आम्हीं' म्हणतांना लाज वाटते. कारण पैसे आमचे गेले, पण बोटें मिस्त्रींचीं सोलवटलीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो न दिसणारा बोल्ट बसला, तेव्हां हात पुसतां पुसतां ते म्हणाले, "साहेब, या कामाचा फरक तुम्हांला कांहीं दिसायचा नाहीं बरें का." आम्हीं हंसून मान डोलावली आणि दीड दिवसाच्या मजुरीवर थोडें अधिक त्यांच्या हातावर ठेविलें. त्यांनीं तें नको नको म्हणत घेतलें. आमची सचोटी त्यांच्या हातांनीं पुरी झाली होती. तिचें मोल तेवढ्यानें फिटलें असें मात्र आम्हांला अजूनही वाटत नाहीं.