प्रचाराची शहानिशा

साबणाच्या वडीविषयी खोटा दावा करणाऱ्या कारखानदाराला अमेरिकेत संघीय व्यापार आयोगापुढे जाब द्यावा लागतो. परंतु त्याच देशात, ज्याच्या हाती सैन्य आणि खजिना सोपवायचा त्या पदाच्या उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याविषयी दूरचित्रवाणीवर धडधडीत असत्य सांगितले, तर ते रोखणे आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, आणि १९३४ च्या दळणवळण कायद्यान्वये उमेदवाराच्या जाहिरातीला कात्री लावण्याची मुभा प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रालाही नाही. प्रथमदर्शनी विपरीत वाटणारी ही व्यवस्था मला योग्यच वाटते. कारण राजकीय सत्यासत्याचा निवाडा सरकारी कचेरीकडे गेला की सत्तारूढ पक्षच त्या कचेरीचा धनी होतो, आणि विरोधकाचे गैरसोयीचे सत्य सर्वांआधी असत्य ठरते. मात्र सरकारला हा अधिकार नाकारणाऱ्या समाजाने शहानिशेचे ओझे स्वतःच्या शिरावर घेतले पाहिजे.

ते सोपे नाही. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, उमेदवार मायकेल डुकाकिस रणगाड्यावर स्वार झाल्याचे चित्रण प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांच्या प्रचारकांनी जाहिरातीत वापरले, आणि डुकाकिस यांचा ज्याला पाठिंबा होता त्या स्टेल्थ बॉम्बफेकी विमानाला त्यांचा विरोध असल्याचे तीत बेधडक सांगितले. वार्ताहरांनी ही तफावत दाखवली खरी, पण ती दाखवताना मूळ जाहिरात पुन्हा पडदाभर लावली. अशा वेळी प्रेक्षकांच्या स्मरणात दुरुस्तीपेक्षा जाहिरातच अधिक ठसते, हे कॅथलीन हॉल जेमिसन या विदुषीने हेरले. आणि जाहिरात लहान, तिरप्या चौकटीत दाखवून तिच्यावर दुरुस्तीचा मजकूर ठळक उमटवण्याची पद्धत त्यांनी सुचवली. पुढे २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्रात, पत्रकार ब्रुक्स जॅक्सन यांच्यासह, त्यांनी ‘फॅक्टचेक’ ही संस्था उभी केली.

जाहिरातीला निदान कर्ता असतो. एकाकडून दुसऱ्याकडे फिरणाऱ्या ई-मेलला तोही नसतो. तो येतो आप्तांकडून, जुन्या सहकाऱ्यांकडून, म्हणजे ज्यांच्यावर अविश्वास दाखवणे आपल्याला जड जाते अशांकडून, आणि मूळ लेखक अज्ञात असल्यामुळे पाठवणाऱ्याची पत हीच मजकुराची पत होऊन बसते. आपण केवळ निरोप पोचवला अशी त्याची समजूत असते. वस्तुतः तो स्वतःच्या नावाने साक्ष देत असतो.

२००८ साली बराक ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, असा प्रवाद याच मार्गाने पसरला. ओबामांच्या प्रचारकांनी जन्मदाखल्याची प्रतिमा प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यावर शिक्का नाही, सही नाही, असे आक्षेप निघाले. त्या ऑगस्टमध्ये फॅक्टचेकच्या मंडळींनी शिकागो येथील प्रचारकचेरीत जाऊन तो कागद प्रत्यक्ष हाताळला. उठावाचा शिक्का, पाठीमागचा निबंधकाच्या सहीचा ठसा, कागदाच्या घड्या यांची छायाचित्रे छापली. आणि होनोलुलूच्या वृत्तपत्रातील १३ ऑगस्ट १९६१ ची जन्मवार्ताही पुढे ठेवली. आमच्यावर विश्वास ठेवा, असे न सांगता, ज्यावरून निष्कर्ष काढला ते सर्व त्यांनी वाचकापुढे उघडे मांडले, हे मला त्या निष्कर्षाहूनही मोलाचे वाटते.

तरीही प्रवाद शमला नाही, आणि २७ एप्रिल २०११ रोजी सविस्तर दाखला प्रसिद्ध करणे खुद्द अध्यक्षांना भाग पडले. यावरून शहानिशा व्यर्थ ठरते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याचे मत आधीच पक्के झाले आहे, त्याच्याकरिता ती नसतेच. ज्याला निर्णय करायचा आहे, पण स्वतः शिकागोला जाऊन कागद उलटून पाहण्याचे साधन नाही, अशा मतदाराकरिता ती असते. या मतदाराचा भरवसा टिकायचा, तर तपासणाऱ्याला पैसा कोण देतो हेही त्याला कळले पाहिजे. म्हणूनच फॅक्टचेक आपल्या मोठ्या देणगीदारांची नावे जाहीर करते आणि पक्षपाती संघटनांचा पैसा घेत नाही.