बाळोत्यांची द्रव्यशुद्धी

मळलेली वस्तू शुद्ध झाली असे केव्हा म्हणावे, या प्रश्नाचा विचार धर्मशास्त्राने मोठ्या बारकाईने केलेला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशमाला व लोकरीला खारी माती, कांबळ्यांना रिठे, क्षौमवस्त्रांना पांढरी मोहरी अशी जी तजवीज आढळते, ती वाचताना स्मृतिकार परटाच्या घाटावर बराच वेळ बसला असावा असा संशय येतो. गंध आणि लेप निघून जाईपर्यंत माती व पाणी वापरीत राहावे, असा सर्व द्रव्यांना लागू होणारा दंडकही तेथेच आहे. मात्र लगेच पुढे, मलिनता दृष्टीस पडली नाही ते, पाण्याने धुतलेले ते, आणि वाणीने प्रशंसिलेले ते शुद्ध मानावे, अशी मुभा ब्राह्मणांना दिलेली आहे. या दोन वचनांत मला विरोध दिसतो, आणि त्याचा निवाडा करावयास तान्ह्या मुलाच्या बाळोत्याइतकी योग्य वस्तू दुसरी नाही.

कारण हे फडके मोठे लबाड असते. नित्य धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेले बाळोते डोळ्यांना निर्मळ दिसते, कोरडे असेतो नाकालाही काही जाणवत नाही; पण बाळाने ते ओले करताच नाकाला झोंबणारा दर्प उठतो. मूत्रातील युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात हे खरे. परंतु त्या मळाला धाग्याधाग्यांत आसरा मिळतो तो विहिरीच्या जड पाण्यातील क्षार आणि साबण यांच्या संयोगाने साचलेल्या चिकट थरात, म्हणजे ज्याने शुद्धी करावयाची तोच मळाचा जामीनदार होऊन बसतो. म्हणून जाणती बाई अशा वेळी साबण वाढवीत नाही. धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात सुती बाळोती भिजत घालते, उकळते, आणि पाणी नितळ निघेपर्यंत खळबळून कडक उन्हात टाकते.

‘न दिसले ते शुद्ध’ ही मुभा येथे टिकत नाही. माझ्या मते ते शुद्धीचे लक्षण नसून व्यवहाराची सोय आहे: मनुष्याला सर्वच तपासता येत नाही, सबब अज्ञाताचा दोष त्याच्या माथी मारू नये, इतकाच त्याचा आशय. परंतु कर्त्याला दोष लागला नाही म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही. सोवळ्यातल्या आजीकडे नातवाला द्यावयाचे तर अंगावरचे सुती वस्त्र उतरवून उघडेच द्यावे, अशी रीत आपल्याकडे अनेक घरांत होती. मूल निर्दोष व वस्त्र सदोष हे या रीतीने ओळखले, पण वस्त्राचा दोष आजीला लागेल याची जेवढी चिंता वाहिली तेवढी तो मुलाला लागेल याची वाहिली नाही. मुंजीपूर्वी मुलाला आचाराचे बंधन नाही, असे गौतमधर्मसूत्र सांगते. तेव्हा या खटल्यात त्याची साक्ष कोणी काढीत नाही, आणि वाणीने प्रशंसा करावी तर ती त्याला फुटलेली नसते. तरीही फैसला त्याच्याच कातडीवर व्हावयाचा. पुरळ पुष्कळ कारणांनी उठते हे मान्य. पण ते उठले आणि ओल्या फडक्याला दर्प येत असला, तर सोवळ्याच्या हिशेबी ती बाळोती कितीही शुद्ध असोत, त्यांना पुन्हा कढत पाणी दाखविलेच पाहिजे.