पाकिटावरचं

धुळे-सोलापूर महामार्गावर, चौसाळ्यात माझं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीकविम्याचे अर्ज; कुणी आणलाच तर संगणकही दुरुस्त करतो. एका निवृत्त गुरुजींचा लॅपटॉप असाच आला होता, कीबोर्ड साफ करायला. स्क्रीनवर थंडरबर्डनं विचारलं, नवी आवृत्ती घ्यायची का? ईमेल गुरुजींचे, आणि त्यांना न विचारता ‘हो’ मी दाबलं. बॅटरी केव्हाच गेलेली. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडून जुना पसारा आपल्या पद्धतीनं लावत होती, तेवढ्यात लाईट गेली. त्यानंतर प्रोग्राम उघडेचना.

जुनी आवृत्ती परत टाकली, तर तिनं नकार दिला. २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून तशी व्यवस्थाच आहे: नवीनं हात लावलेलं खातं जुनी उघडत नाही, कारण न समजणाऱ्या रचनेत ती लिहायला गेली तर आहे तेही बिघडेल. शहाणपणाचा नकार. पण गुरुजींची पत्रं सर्व्हरवरून उतरवून तिथून पुसलेली होती. दुसरी प्रत कुठेच नाही.

नशीब, ही पत्रं साध्या मजकुराच्या फाईलमध्ये एकाखाली एक ठेवलेली असतात. आधी सगळ्या फोल्डरची नक्कल केली, मग ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली. मराठी कुठेच दिसेना. मेलमध्ये देवनागरी बहुधा बेस-६४ मध्ये बांधून जाते. एका चिन्हाचे तीन बाइट, त्यांची चार रोमन अक्षरं. पानंच्या पानं अगम्य. मला हायसं वाटलं, वाचायचा मोहच नको.

पाकीट मात्र उघडंच होतं. कुणाकडून, कोणत्या तारखेला, किती वाजता. एकच पत्ता, दर रविवारी रात्री, नऊ वर्षं. तो त्यांच्या धाकट्या भावाचा. बांधाच्या भांडणापासून दोघांचं बोलणं बंद आहे, हे अख्ख्या गावाला माहीत. (नातं आणि कारण बदलून लिहितोय, नाहीतर हा लेखच चहाडी ठरायचा.)

१८९८ च्या टपाल कायद्यात पत्र बेकायदा उघडणाऱ्या टपाल नोकराला दोन वर्षांपर्यंत कैद होती. पाकिटावरचा पत्ता वाचणं मात्र पोस्टमनचं कामच. पण तो एका दिवसाचं पाकीट पाहतो; माझ्यापुढे नऊ वर्षांची एकदम पडली होती. एवढी एकत्र पाहिल्यावर आतलं वाचायचं उरतं काय? शिवाय बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे, नुसती सुतळी, कुणीही सोडावी.

नवं खातं करून फाईल त्यात ठेवली. आता पत्रं मराठीत दिसणार, म्हणून आधी मजकुराचा कप्पा बंद केला आणि गुरुजींना बोलावलं. त्यांनी यादी शेवटपर्यंत खाली नेली.

“सगळी आली. तू काही वाचलं नाहीस ना रे?”

“नाही, गुरुजी.”

खरंच होतं. धर्मराजाचंही, तसं बघितलं तर, खरंच होतं. दिसलं तेवढं सांगून टाकावं असं ओठांवर आलं. पण सांगून मोकळा मी झालो असतो, आणि पुढच्या रविवारी लिहिताना बिचकले असते ते.

मी पैसे नको म्हणालो, चूक माझी होती. त्यांनी तरी शंभराची नोट झेरॉक्सच्या मशीनवर ठेवली. “राहू दे,” म्हणाले, आणि लॅपटॉप पिशवीत घालून एसटीच्या थांब्याकडे गेले.