हास्याचा धनी

हास्य ज्याच्यावर उडविलें जातें त्याला तें दूर लोटतें. ज्याच्यासह हंसावें त्याला जवळ आणतें. समलिंगी पुरुष हा रंगमंचावर फार काळ टवाळीचाच विषय होता. अमेरिकन विनोदकार बॉब स्मिथ (१९५८–२०१८) यांनीं ही उलटापालट केली. १९९४ सालीं 'टुनाइट शो' या दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय कार्यक्रमांत, आपण समलिंगी आहोंत हें न लपवितां, त्यांनीं एकट्यानें उभें राहून विनोद सांगितले. तेथें असें करणारे ते पहिलेच. त्यांनीं क्षमा याचिली नाहीं, उपदेशही केला नाहीं. लोकांना केवळ हंसविलें. विनोद उमगण्यासाठीं श्रोत्याला क्षणभर तरी वक्त्याच्या जागीं उभें राहावें लागतें; आणि ज्याच्या जागीं आपण उभे राहिलों त्याचा तिरस्कार करणें मग सोपें राहत नाहीं.

येथें आम्हांस आमचाच एक अपराध आठवतो. वर्गांत एका नाजुक बोलणाऱ्या विद्यार्थ्याची कोणी नक्कल केली, तेव्हां सर्वांबरोबर आम्हीही हंसलों. तो मान खालीं घालून बसला होता. हंसूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र ज्याच्याविषयीं हंसतों तोही मनापासून हंसत आहे काय, एवढें आधीं पाहावें. आम्ही तें पाहिलें नव्हतें.