घराचा सौदा आणि अमानत

नांदेड असो वा लातूर, घर विकताना आपण दलालाच्या हाती आयुष्याची कमाई सोपवतो. शरीअतच्या दृष्टीने दलाल हा मालकाचा अमानतदार आहे. ठरलेली दलाली त्याला हलाल आहे. परंतु मालकाला 30 लाखांचा भाव सांगून ग्राहकाकडून 32 लाख घेणे आणि मधले 2 लाख गुपचूप ठेवणे ही उघड खयानत आहे.

यावरील उपाय कुरआननेच शिकवला आहे. सूरह बकराची 282 वी आयत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि सौद्याला साक्षीदार ठेवण्याची आज्ञा देते. म्हणून दलालीचा दर आधीच लिहून घ्या, ग्राहकाला समक्ष भेटा, इसाराची रक्कम स्वतःच्या खात्यात घ्या आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

मात्र एक प्रश्न स्वतःलाही विचारा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा शहरात उन्हाळ्यात आटणाऱ्या बोअरला बारा महिने पाणी असते, असे दलाल ग्राहकाला सांगतो आणि मालक गप्प बसतो. हे मौन निर्दोष आहे काय? खरे बोलून दोष दाखवणाऱ्यांच्या सौद्यात बरकत असते, लपवणाऱ्यांची बरकत नष्ट होते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. दलालाच्या तोंडचे असत्य मालकाच्या हिशेबातूनही सुटत नाही. त्याच्याकडून प्रामाणिकपणा मागणाऱ्याने ग्राहकाशीही प्रामाणिक राहावे.

अल्लाह आपली कमाई हलाल राखो. आमीन.