‘वय झालें’ हें निदान नव्हे

खेड्यांत वृद्ध मनुष्य एकाएकीं अंथरुणास खिळला, म्हणजे भेटीस येणारे म्हणतात, “आतां वय झालें.” हें वाक्य सांत्वनाचें दिसतें, परंतु पुष्कळदां तो चौकशीवांचून दिलेला निकाल असतो. असा निकाल देण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

माझीच चूक सांगतों. ऐंशीच्या घरांतील एक बाई सोमवारपर्यंत ओट्यावर लसूण सोलीत बसत. बुधवारीं त्या मुलास ओळखीनात. रात्रभर पांघरूण ओढीत, दिवसा निपचित पडत. ताप नाहीं, खोकला नाहीं. म्हातारपणाचें विस्मरण समजून मीं प्रार्थना केली व घरीं आलों. सून म्हणाली होती, “पाळकसाहेब, परवांपर्यंत अशा नव्हत्या.” तें मीं कानांआड केलें. शुक्रवारीं डॉक्टरांनीं तपासलें, तों न्यूमोनिया निघाला. बाई वांचल्या; मधले दोन दिवस माझ्या हिशेबीं आहेत.

जीर्ण देहांत रोग नेहमींच्या वेशांत येत नाहीं. न्यूमोनिया तापावांचून, हृदयविकाराचा झटका छातींतील कळेवांचून येऊं शकतो. दिसतें तें वेगळेंच: भ्रम, वारंवार पडणें, अन्नावरची वासना उडणें. कारण कधीं तुंबलेली लघवी किंवा नवें औषध इतकेंच असतें. विस्मरण महिन्यांवर्षांनीं वाढतें. भ्रम तासांदिवसांत येतो व घटकेंत कमी, घटकेंत अधिक होतो. बडबडणाऱ्याकडे सर्व धांवतात; गुंगींत पडलेल्यास मात्र आपण ‘शांत’ म्हणतों! विलायतेंतील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें आजाऱ्याची स्थिति मोजण्याची २०१२ सालीं जी गुणपद्धति काढली, तींत २०१७ सालीं नव्या भ्रमाची भर घालून त्यास पूर्ण ३ गुण दिले. मिनिटास २५ किंवा अधिक श्वास भरले, तरी तितकेच. श्वास मोजण्यास घड्याळ पुरतें. परंतु भ्रम नवा कीं जुना, हें त्या सुनेवांचून कोण सांगणार?

कोणी म्हणेल, पिकल्या पानास दवाखान्याच्या वाऱ्या कशाला? वृद्धास नको असेल तर त्याच्या इच्छेस मान द्यावा, हें मला मान्य आहे. परंतु ती इच्छा त्याची असावी, आपल्या कंटाळ्याची नसावी. आणि आठ दिवसांच्या औषधानें जाणारें दुखणें कोणतें व अखेरचें कोणतें, हें तपासल्यावांचून त्यास तरी काय विचारणार? म्हणून १०८ क्रमांकास दूरध्वनि करितांना ‘म्हातारे आहेत’ एवढ्यावर थांबूं नये. ‘परवांपर्यंत विहिरीपर्यंत चालत होते, आज उठून बसत नाहींत,’ असें सांगावें.